तीन पिढ्यांची शहरातली ट्रिप: हॉटेल रात्रीसाठी नको, दुपारसाठी निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, बाबांचा गुडघा कुरकुरतो, सासूबाई सोबत येणार, दोन जोडपी, आणि मुलं तीन, १४ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि धाकट्या जोडप्याचं २ वर्षांचं बाळ. म्हणजे दहा माणसं, मोठं शहर, पाच रात्री. शहराच्या मधोमध छोटं हॉटेल घ्यावं, थोडं बाहेरचं ऐसपैस घ्यावं, की सरळ एक मोठं अपार्टमेंट घेऊन मोकळं व्हावं?

मी बरीच वर्षं हॉटेलच्या रिझर्व्हेशनला आणि फ्रंट डेस्कवर काढलीयत आणि आता फॅमिली ग्रुपच्या ट्रिपा लावून देते, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हे बघितलंय. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: मधोमध असलेलं, धड लिफ्ट असलेलं, चार रूम एकाच मजल्यावर देऊ शकणारं मध्यम आकाराचं हॉटेल घ्या. रूम थोडी लहान असली तरी चालेल, स्विमिंग पूल नसला तरी चालेल. आता का ते सांगते.

बहुतेक लोक हॉटेल निवडतात ते रात्रीच्या हिशोबाने. बेड कसा आहे, खिडकीतून काय दिसतं, सकाळी ब्रेकफास्टला काय काय असतं. दोघंच जाणार असाल तर ते बरोबरच आहे, सकाळी बाहेर पडलात की रात्रीच परत येणार. पण तीन पिढ्या सोबत असल्या की दिवस तसा जातच नाही. साडेबारा-एकला बाळाला झोप आलेली असते आणि ते रडकुंडीला आलेलं असतं, बाबांचे पाय भरून आलेले असतात, सासूबाईंना गोळ्या घेऊन जरा आडवं व्हायचं असतं, आणि नेमकं त्याच वेळी सात वर्षांच्याला अजून तीन ठिकाणं बघायची असतात, मोठी मुलगी तर सगळ्यांनाच कंटाळलेली असते. ट्रिप बिघडते ती इथे, दुपारी एक ते पाचमध्ये. रात्री सगळे थकलेले असतात, कुठल्याही बऱ्या गादीवर झोपतात. म्हणून मी हॉटेल बघताना एकच गोष्ट विचारते: दुपारी एक वाजता यातली चार माणसं परत येऊन पडू शकतात का, आणि बाकीची सहा त्यांच्यासाठी न थांबता फिरत राहू शकतात का? याला "हो" असेल तर बाकीचं जमवून घेता येतं.

आता याच प्रश्नाने लोकेशन बघा. बाहेरचं ऐसपैस हॉटेल इथेच गळतं, कारण तिथून शहरात यायला पाऊण तास लागत असेल तर दुपारी परत जाणं म्हणजे दीड तास प्रवासात गेला, मग कोणी जातच नाही, सगळे ओढत ओढत संध्याकाळपर्यंत फिरतात आणि रात्री भांडणं होतात. स्वस्त पडलं म्हणून बाहेर राहिलेले लोक रोज टॅक्सीवर किती घालवतात तेही मांडून बघा, दहा माणसं म्हणजे एका गाडीत मावत नाहीत, दोन तरी लागतात, कधी तीन. चार-पाच दिवसांत तो फरक बऱ्यापैकी भरून निघतो.

पण "मधोमध" हा शब्द हॉटेलवाले फार सैल वापरतात. "मुख्य आकर्षणांपासून १० मिनिटं चालत" असं लिहिलेलं असतं ना, ते तरुण माणसाच्या चालीने असतं. मॅप साधारण ताशी ५ किलोमीटरच्या आसपास चाल धरतो, म्हणजे १० मिनिटं म्हणजे जवळपास ८०० मीटर. सत्तरीतलं गुडघेदुखीचं माणूस सेकंदाला ०.८ मीटरने चालत असेल तर त्याच अंतराला त्याला १७ मिनिटं लागतात, आणि त्यात सिग्नल, एखादा चढ, दोनदा टेकून उभं राहणं धरा, पंचवीस मिनिटं सहज झाली. म्हणून मॅपवरचा चालण्याचा वेळ मी सरळ दुप्पट धरते. आणि रस्ता चढाचा आहे का तेही बघते, कारण सायकलचा रूट लावून बघितला की बऱ्याच ठिकाणी चढ-उतार दिसतो, चालण्याच्या रूटमध्ये तो कोणी बघत नाही.

"मेट्रो स्टेशन ३ मिनिटांवर" हे वाचून पण लगेच खूश होऊ नका. स्टेशनला लिफ्ट आहे का? लंडनच्या अंडरग्राउंडची २७२ स्टेशनं आहेत, त्यातली साधारण एक तृतीयांशच पायऱ्यांशिवाय जाता येण्यासारखी आहेत. पॅरिसच्या मेट्रोत अख्खी लाइन सोयीची म्हणावी अशी १४ नंबरचीच, बाकी ठिकाणी पायऱ्या, मग बोगदा, मग परत पायऱ्या. जुन्या शहरांत हे असंच असणार, जिने शंभर वर्षांपूर्वीचे आहेत. अशा शहरात मेट्रोजवळच्या हॉटेलपेक्षा बसस्टॉपजवळचं हॉटेल तुम्हाला जास्त उपयोगी, कारण बसमध्ये फूटपाथवरून चढता येतं, बाळाची गाडी आत जाते आणि आजी-आजोबांना खिडकीतून शहर दिसतं. ही गोष्ट कुठल्याच हॉटेलच्या पानावर लिहिलेली नसते, स्वतः मॅपवर शोधावी लागते.

हॉटेलच्या दाराशी काय आहे तेही बघून घ्या. रस्त्यावरचे फोटो मॅपवर दिसतात, त्यात प्रवेशद्वाराच्या पायऱ्या मोजा. आत लिफ्ट असते पण लिफ्टपर्यंत जायला पाच पायऱ्या, असा प्रकार जुन्या इमारतींमध्ये भरपूर. आणि युरोपात तळमजला सोडून त्याच्या वरच्याला पहिला मजला म्हणतात, अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला म्हणतात, त्यामुळे "पहिला मजला, लिफ्ट नाही" हे एका ठिकाणी चालून जाईल आणि दुसऱ्या ठिकाणी बाबांना रोज चार वेळा जिना चढावा लागेल. लिफ्ट आहे म्हटलं तरी किती माणसांची ते विचारा. चार माणसांची लिफ्ट, दहा माणसं आणि बॅगा, सकाळी नऊला सगळं हॉटेल एकदम खाली उतरतंय, म्हणजे फक्त लॉबीत जमायलाच वीस मिनिटं गेली. लिफ्ट एकच असेल तर ती बंद पडली की काय, हेही मनात असू द्या. दोन लिफ्ट असलेलं हॉटेल मी नेहमी वर धरते.

आता अपार्टमेंटचं. सगळ्यांना आधी तेच सुचतं, एकत्र राहू, किचन असेल, मोठा हॉल असेल, मजा येईल. संध्याकाळसाठी ते छानच आहे. पण बाथरूम मोजा. दहा माणसं, दोन बाथरूम, माणशी पंधरा मिनिटं म्हटलं तरी सव्वा तास गेला, आणि सत्तरीतल्या माणसाला पंधरा मिनिटं पुरत नाहीत, शिवाय पहाटे पाचला उठणारे आणि नऊला उठणारे एकाच छताखाली. बेडरूम चार असं लिहितात, त्यातली चौथी म्हणजे हॉलमधला सोफा-बेड असतो बऱ्याचदा, मग ज्याचा सोफा त्याला सगळे झोपेपर्यंत झोपता येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, अपार्टमेंटमध्ये रात्री दोनला कोणाला बरं वाटेनासं झालं तर खाली डेस्कवर माणूस नसतो. हॉटेलात एक नंबर दाबला की डॉक्टर बोलवा म्हणता येतं, टॅक्सी येते, व्हीलचेअर मिळते. वयस्कर माणसं सोबत असताना चोवीस तास जागा असलेला रिसेप्शन ही काही चैन नाही. अपार्टमेंटमध्ये साफसफाई पण रोज नसते, ते काम शेवटी कोणाच्या अंगावर पडतं हे मी सांगायला नको. ज्या बायका घरी रोज तेच करतात त्यांना सुट्टीत पण तेच. मला हे पटत नाही, स्पष्ट सांगते.

मधला मार्ग आहे तो म्हणजे सर्व्हिस्ड अपार्टमेंट किंवा अपार्ट-हॉटेल. रिसेप्शन असतं, रूममध्ये छोटं किचन असतं. तुमच्या दहा जणांसाठी तीन साध्या रूम आणि एक असं किचनवालं युनिट, असं एकाच इमारतीत मिळालं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. ते युनिट धाकट्या जोडप्याला द्या, बाळाचं दूध-खाणं गरम करता येतं, आणि रात्री सगळ्यांनी जमायची जागाही तीच. फक्त बाळ झोपलं की मैफल दुसऱ्या रूममध्ये हलवायची, हे आधीच ठरवून ठेवा.

जमायच्या जागेवरून आठवलं, लॉबी बघा. हल्लीच्या नव्या स्टायलिश हॉटेलांत लॉबी म्हणजे बारच असतो, उंच स्टुलं, कमी उजेड, संध्याकाळी सहापासून जोरात म्युझिक. आजोबांना त्या स्टुलावर बसवून बघा! तुम्हाला पाठ टेकता येईल असे सोफे पाहिजेत, जिथे दोन जण आधी खाली येऊन निवांत बाकीच्यांची वाट बघू शकतील आणि कोणी येऊन "काय घेणार" असं दर पाच मिनिटांनी विचारणार नाही. फोटो बघताना लोक बेडचा फोटो मोठा करून बघतात, मी लॉबीतल्या खुर्च्यांचा बघते.

रूमची वाटणी. इथे जरा सविस्तर सांगते कारण फ्रंट डेस्कवर सगळ्यात जास्त रडारड इथेच होते. तुमच्याकडे मी अशी करेन: एका रूममध्ये आई-बाबा, दुसरीत सासूबाई आणि १४ वर्षांची नात, तिसरीत तुम्ही दोघं आणि सात वर्षांचा, चौथीत धाकटं जोडपं आणि बाळ. सासूबाई आणि नात हे नातीला विचारून करा, गृहीत धरू नका, पण बहुतेक वेळा मुली आई-बापापेक्षा आजीसोबत खुशीने राहतात. आणि सासूबाई एकट्या नसल्या म्हणजे रात्री बाथरूमला उठताना कोणीतरी आहे एवढा धीर असतो.

आता यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रूमला आतून दार पाहिजे, ज्याला कनेक्टिंग रूम म्हणतात. अ‍ॅडजॉइनिंग म्हणजे नुसत्या शेजारी-शेजारी, आत दार असेलच असं नाही. हॉटेलशी बोलताना "आतून दार असलेल्या दोन रूम" असंच सांगा, नाहीतर समोरचा "हो हो, बाजूबाजूला देतो" म्हणतो आणि तुम्ही समजता काम झालं. आणि ही मागणी बहुतेक हॉटेलांत नुसती विनंती म्हणून नोंदली जाते, गॅरंटी नसते, कारण तशा रूम कमी असतात आणि आधीचा पाहुणा एक दिवस वाढला की जोडी तुटते. हिल्टनने २०२१ मध्ये बुकिंग करतानाच कनेक्टिंग रूम पक्की करायची सोय आणली, बाकी ठिकाणी मेल करून लेखी "कन्फर्म्ड" असा शब्द मिळवा, "वुई विल ट्राय" म्हणजे नाहीच असं समजून चाला.

बऱ्याच लोकांना वाटतं आजी-आजोबांची रूम बाळाच्या रूमला जोडून घ्यावी, म्हणजे मदत होईल. नका करू. बाळ रात्री तीनला रडतं, त्या मधल्या दारातून सगळं ऐकू येतं, आई-बाबांची झोप गेली की दुसरा दिवस गेला. त्यांना त्याच मजल्यावर पण दोन-तीन दारं सोडून ठेवा. आणि त्यांची रूम लिफ्टपासून फार लांब नको, मोठ्या हॉटेलांचे कॉरिडॉर शंभर मीटरपर्यंत असतात, पण लिफ्टला अगदी चिकटून पण नको, तिथे रात्रभर टिंग-टिंग आणि लोकांच्या गप्पा. "लिफ्टपासून तिसरं-चौथं दार" असं मी लिहून देते, डेस्कवरच्या माणसाला ते नेमकं कळतं. नुसतं "शांत रूम" असं लिहिलं की तो तुम्हाला कॉरिडॉरच्या पार टोकाला टाकतो, त्याच्या मते त्याने चांगलंच केलेलं असतं.

बेडचं गणित पण करून बघा. "दोन डबल बेड, चार माणसं" असं लिहिलेलं असतं. डबल बेड ५४ इंच रुंद असतो, म्हणजे माणशी २७ इंच, जवळपास बाळाच्या पाळण्याच्या गादीएवढी रुंदी. क्वीन ६० इंच, किंग ७६. सासूबाई आणि नातीला वेगळे दोन बेड पाहिजेत, आणि "ट्विन" म्हटलं तरी काही हॉटेलांत ते दोन बेड एकमेकांना चिकटवून एकच चादर घातलेली असते, तेव्हा "वेगळे ठेवता येतात का" हा एक प्रश्न विचाराच. एक्स्ट्रा बेड घालायचा असेल तर त्या प्रकारच्या रूममध्ये तो चालतो का ते आधी, कारण आग लागली तर बाहेर पडायच्या नियमांमुळे काही रूममध्ये तीन म्हणजे तीनच, तिथे भांडून उपयोग नसतो.

बाथरूमबद्दल बोलायला लोक लाजतात, पण बाबांच्या गुडघ्यासाठी व्ह्यूपेक्षा ते महत्त्वाचं आहे. शॉवर टबच्या आत असेल तर त्या टबची भिंत साधारण १४-१५ इंच उंच असते, ओल्या पायाने ती ओलांडून आत जायचं आणि बाहेर यायचं. पडझड नेमकी तिथेच होते. "वॉक-इन शॉवर" म्हणून मागा. भिंतीला धरायचा दांडा आहे का, शॉवरमध्ये बसायला स्टूल मिळतं का, कमोड किती उंच आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅक्सेसिबल रूमच्या नियमात कमोडची उंची १७ ते १९ इंच आणि दाराची मोकळी रुंदी कमीत कमी ३२ इंच लागते, तेवढं मिळालं तर गुडघेवाल्या माणसाला उठबस सोपी जाते. पण "अ‍ॅक्सेसिबल रूम" म्हटलं की सपाट शॉवरच असेल असं समजू नका, काहींमध्ये दांडे लावलेला टबच असतो. आणि व्हीलचेअर लागत नसेल, नुसता एखादा दांडा पुरत असेल, तर ती रूम अडवू नका, ज्याला खरंच लागते त्याला मग मिळत नाही. साध्या वॉक-इन शॉवरवाल्या रूमने तुमचं काम होईल असं वाटतं.

गरम पाण्याचा नळ मात्र पहिल्याच दिवशी स्वतः सोडून बघा, मुलांच्या आणि आजी-आजोबांच्या दोन्ही बाथरूममध्ये. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने काही सेकंदांतच त्वचा भाजते, आणि परक्या नळाची दिशा कोणालाच माहीत नसते.

औषधांचा फ्रिज. घरात कोणाला इन्सुलिन चालू असेल तर हे वाचा, नसेल तर पुढे जा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात ठेवायचं असतं आणि गोठू द्यायचं नसतं. हॉटेलचा मिनी-बार हा फ्रिज असतोच असं नाही, बरेच नुसते पेय थंडगार ठेवण्यापुरते असतात, १०-१२ अंशाच्या खाली जात नाहीत, आणि काही उलट मागच्या भिंतीला बर्फ धरतात. त्याहून वाईट म्हणजे रूमच्या दाराजवळच्या खाचेतून की-कार्ड काढलं की काही हॉटेलांत सगळी वीज बंद, त्यात फ्रिजही. तुम्ही दिवसभर बाहेर आणि औषध गरम होतंय. डेस्कला सांगितलं तर ते वेगळा मेडिकल फ्रिज देतात किंवा त्यांच्याकडे ठेवून घेतात, बऱ्याचदा फुकट, फक्त आधी सांगायला लागतं. मिनी-बारमध्ये वजन ओळखणारे सेन्सर असतील तर त्यातली बाटली हलवून स्वतःचं काही ठेवलं तरी बिल लागतं, तेही जाता जाता विचारून घ्या.

बाळाचा पाळणा मागवला तर आल्यावर हलवून बघा, दांड्यांमधली फट ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, गादी आणि कडेच्या मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको, आणि एक बाजू खाली सरकणारा जुना प्रकार असेल तर परत पाठवा, अमेरिकेत २०११ पासून तो विकायलाच बंदी आहे. रूमला बाल्कनी असेल तर ती रूम बाळवाल्यांना नको. खिडकी किती उघडते तेही बघा, दहा सेंटिमीटरच्या पुढे उघडत असेल तर खालचं टेबल-खुर्ची तिथून हलवा.

आता पहिला आणि शेवटचा दिवस, कारण दुपारचा प्रश्न तिथेच सगळ्यात जास्त टोचतो. चेक-इन दुपारी दोन-तीनला असतं, चेक-आउट अकरा-बाराला. तुम्ही रात्रीच्या विमानाने सकाळी सातला पोचणार आणि तीनपर्यंत आजी-आजोबा लॉबीत बसणार, बाळ त्यांच्या मांडीवर. अर्ली चेक-इन मिळेल म्हणतात, पण आदल्या रात्री हॉटेल फुल्ल असेल तर कोणीही काही करू शकत नाही, रूमच रिकामी नसते. उपाय असा की चारपैकी एकच रूम आदल्या रात्रीपासून बुक करायची. पैसे जातात एका रात्रीचे, पण सकाळी पोचल्या पोचल्या आई-बाबा, सासूबाई आणि बाळ त्या एका रूममध्ये झोपतात, बाकीचे सामान ठेवून जवळपास फिरून येतात. यात एक खाच आहे: हॉटेलला लेखी कळवायचं की पाहुणे सकाळी सातला येणार आहेत. नाहीतर रात्री तुम्ही आला नाहीत म्हणून सिस्टिम नो-शो लावते आणि पुढची सगळी बुकिंगच रद्द होते. हे फार लोकांच्या बाबतीत झालेलं बघितलंय. शेवटच्या दिवशी विमान रात्रीचं असेल तर तसंच, तीन रूम सोडायच्या आणि एक संध्याकाळपर्यंत ठेवायची, लेट चेक-आउट एका रूमचं सहज मिळतं, चारचं मागितलं की मॅनेजर नाही म्हणतो.

बुकिंग कसं करायचं. वेबसाइटवर दहा माणसं, चार रूम असं टाकून सर्च केलं की अर्धी चांगली हॉटेलं गायब होतात, कारण सिस्टिमला एकाच प्रकारच्या चार रूम मिळत नाहीत. आधी दोन माणसं, एक रूम असं टाकून हॉटेल निवडा, मग त्यांना मेल करा. मुलांची वयं खरी टाका, कुठे सहापर्यंत फुकट, कुठे बारापर्यंत, आणि ब्रेकफास्ट "इन्क्लुडेड" म्हणजे बऱ्याचदा दोन मोठ्यांचाच, मुलांचा वेगळा लागतो. चार रूमची चार बुकिंगं झाली तर चारही नंबर एका मेलमध्ये देऊन "ही एकाच कुटुंबाची आहेत, लिंक करा" असं सांगा. नाव वेगवेगळं असलं की सिस्टिमला कळत नाही तुम्ही एकत्र आहात, मग दुसऱ्या, पाचव्या, आठव्या मजल्यावर चार रूम मिळतात. ग्रुपचा रेट म्हणाल तर बहुतेक हॉटेलं दहा रूमच्या पुढेच देतात, चार रूमला अपेक्षा नको, पण थेट बोलल्यावर पाळणा, लेट चेक-आउट, एका मजल्यावर रूम अशा गोष्टी मिळतात आणि तुम्हाला त्याच जास्त कामाच्या.

दुसऱ्या साइटवरून घेतलं तर दोन पैसे वाचतील कदाचित, पण बेडचा प्रकार आणि विनंत्या कधी कधी हॉटेलपर्यंत पोचतच नाहीत, आणि बदल करायचा तर हॉटेल म्हणतं साइटला विचारा, साइट म्हणते हॉटेलला विचारा. एकट्या माणसाने हे सोसावं, दहा जणांनी नाही. किंमत त्या साइटवर बघा आणि हॉटेलला थेट सांगा एवढ्याला मिळतंय, बऱ्याचदा तेच देतात.

आणि स्वस्त नॉन-रिफंडेबल रेट आजी-आजोबांच्या रूमसाठी कधीच घेऊ नका. तरुणांच्या दोन रूम घ्या हवं तर. सत्तरीच्या माणसाला जायच्या आठवड्यात काहीही होऊ शकतं, आणि ते नाही आले तर त्यांची रूम सोडता आली पाहिजे. किंमत बघताना शेवटच्या पानावरची बघा, रोम-पॅरिससारख्या बऱ्याच शहरांत माणशी दर रात्रीचा टूरिस्ट टॅक्स वेगळा असतो आणि सात मोठ्या माणसांचा मिळून तो बऱ्यापैकी होतो. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून हॉटेलांना सक्तीच्या फीसकट किंमत आधीच दाखवावी लागते, सगळीकडे तसं नाही. डिपॉझिटसाठी चारही रूमचे पैसे कार्डवर अडकवून ठेवतात, डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे पैसे खात्यातून काही दिवस अडकतात, म्हणून क्रेडिट कार्डच द्या, आणि एकाच माणसाच्या कार्डावर चारही टाकू नका.

रिव्ह्यू वाचताना स्टार सोडा. रिव्ह्यूमध्ये शोधायची सोय असते, तिथे लिफ्ट, पायऱ्या, आवाज, कनेक्टिंग, व्हीलचेअर, स्ट्रोलर असे शब्द टाका आणि गेल्या वर्षभरातलेच बघा. तरुण जोडप्याने दिलेले पाच स्टार तुमच्या उपयोगाचे नाहीत, आजीला घेऊन गेलेल्या माणसाने दिलेले तीन स्टार नीट वाचा, तो का कमी दिले ते सांगत असतो.

पूल, जिम, स्पा यावर पैसे घालवायचे का, असं कोणीतरी विचारेलच. शहरातल्या हॉटेलचा पूल बऱ्याचदा लहान, काही ठिकाणी मुलांना ठराविक तासांतच सोडतात. सात वर्षांच्याला दुपारी तो आवडेल हे खरं, म्हणून वेळ विचारून घ्या, दुपारी एक ते पाचमध्ये मुलांना चालत असेल तर त्याची किंमत आहे, सकाळी आठ ते दहाच असेल तर तुम्हाला शून्य. हॉटेलजवळ बाग किंवा खेळायची जागा पाच मिनिटांवर असेल तर मी पूलपेक्षा ती घेईन, आजोबा बाकावर बसतात, नातू खेळतो, दोघांनाही कोणावर अवलंबून राहावं लागत नाही.

आता नेमकं काय करायचं तर तीन हॉटेलं निवडा आणि तिघांनाही एकच मेल पाठवा. त्यात लिहा: आम्ही दहा जण, वयं अशी, चार रूम एकाच मजल्यावर, त्यातल्या दोन आतून दार असलेल्या, एक रूम वॉक-इन शॉवरची लिफ्टपासून तिसऱ्या-चौथ्या दारी, एक पाळणा, एक रूम आदल्या रात्रीपासून आणि आम्ही सकाळी सातला येणार. रेट सगळ्यात शेवटी विचारा. उत्तर कसं येतं त्यावरूनच अर्धं कळतं. एक जण "आपले स्वागत आहे" असं छापील पाठवेल, एक जण फक्त रेट पाठवेल, आणि एखादा प्रत्येक गोष्टीपुढे हो-नाही लिहून वर "अमुक रूममध्ये टब आहे, त्याऐवजी ही घ्या" असं सुचवेल. तो थोडा महाग असला तरी त्याचंच घ्या. मग पोचायच्या तीन-चार दिवस आधी त्याच मेलला परत उत्तर द्या, आणि आदल्या दिवशी सकाळी फोन करा, कारण कोणती रूम कोणाला हे डेस्कवर बहुतेक आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी लावतात. फोन दुपारी तीन-चारच्या गर्दीत करू नका, सकाळी दहा-अकराला करा, तेव्हा त्यांना बोलायला वेळ असतो.